परतीची तार

सकाळी साडेसहाला यानिरा गॅरेजमध्ये आली,
रात्रपाळीचं लाल जॅकेट अजून अंगावरच,
आणि बाकावर एक बारकी टॉर्च ठेवली.
काळ्या प्लास्टिकवर दातांच्या खुणा.
"अशी धरली होती," ती म्हणाली, "केम्चीपासून आंकुदपर्यंत.
दोन्ही हात त्याच्या शिरेत अडकलेले."
माणूस वाचला का, आम्ही विचारलं.
वाचला, म्हणाली. माते नको म्हणाली. गेली.

रोसामेलनं टॉर्चला हात लावला नाही.

तक्रार अशी:
छपरावरचे दिवे लावले की रेडिओ खरखरतो,
रेडिओचं बटण दाबलं की मागचे दिवे मंदावतात,
आणि सायरन दिला की सगळंच
जिन्यात दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं
मध्येच थांबतं.

बॅटरी, मी म्हणाले. नवी होती.
फ्यूज. शाबूत.
लाल तार मी टोकापासून टोकापर्यंत चाचपली,
रबरी कड्यातून, गालिच्याखालून, खांबातून वर.
कुठे खरचटलेलंसुद्धा नाही.
"जाणाऱ्या वाटेवरच फिरतेयस," तो म्हणाला.
"तिला सगळेच जपतात.
गेलेली वीज परत कुठून येते ते बघ."

इथे, चिलोएत, काळ्या तारेला 'माती' म्हणतात.
पण गाडीला माती कुठली?
चार रबरी चाकांवर ती जमिनीपासून तुटलेली,
म्हणून तिच्याच हाडांना माती म्हणायचं,
आणि सगळं तिथे आणून सोडायचं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर,
दुसरं मागच्या पत्र्यावर. सायरन चालू.
आकडा शून्याला चिकटून राहायला हवा.
दोन पूर्णांक एक.
बारातले दोन व्होल्ट
घरच्या रस्त्यावर कुठेतरी बसून राहिले होते.

बोल्ट सापडला स्ट्रेचरच्या रुळामागे.
मी पोटावर, तो गुडघ्यांवर, टॉर्च
(दुसरी, आमची) मध्ये.
बोल्टखाली रंग.
कंपनीचा पांढरा, गुळगुळीत रंग,
खरवडलेला नाही, त्याच्यावरच आवळलेलं सगळं.
चार आटे काय ते लोखंडाला टेकलेले,
आणि समुद्रावरचं खारं धुकं
अकरा वर्षं त्या फटीत बसून
हिरवं झालेलं.

"कुठल्या गाढवानं कामाची अशी माती..."

मग टेप दिसली.
टोक आत दुमडलेलं,
पुढे कधी सोडवणाऱ्याच्या नखाला सापडावं म्हणून.
अख्ख्या बेटावर टेपचं टोक असं
एकच माणूस दुमडतो.
मलाही त्यानंच शिकवलं.

वाक्य मी तिथेच सोडलं.
सायरन कोणीतरी बंद केला होता. मीच असेन.
"त्या दिवशी..." तो म्हणाला,
आणि त्या दिवसाचं पुढे काही सांगितलं नाही.
"कानस दे."

त्यानं पत्रा खरवडला, नाण्याएवढा,
रंग गेला, खालचा करडा थर गेला,
लोखंड उघडं पडलं, चकाकलं.
नवा लग, दाबून, ओढून पाहिलेला.
दातेरी वॉशर. वरून व्हॅसलिनचा जाड लेप.
रेडिओची काळी तार मात्र त्यानं पत्र्यावर सोडलीच नाही,
अंगठ्याएवढी जाड केबल घेतली
आणि थेट बॅटरीपर्यंत नेली,
एखाद्या पोराला हात धरून
दारापर्यंत पोचवावं तशी.

सायरन. दिवे. रेडिओ. सगळं एकदम.
शून्य पूर्णांक शून्य पाच.
मी हसले. तो नाही.

खालच्या खणातून त्यानं तेलकट वही काढली,
जुन्या वर्षाची पानं थुंकी लावून उलटली,
बोट एका ओळीवर थांबलं,
खाली सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं.
"त्याच महिन्यात अजून तीन," तो म्हणाला.
"दाल्काउएचा बंब. केयॉनच्या दोन अँब्युलन्स."

नऊची फेरी चुकली तर दुपारपर्यंत नाही.
त्यानं कानस पिशवीत टाकली, वॉशरची डबी टाकली,
आणि बाकावरची टॉर्च,
जिला सकाळपासून शिवला नव्हता,
उचलून वरच्या खिशात ठेवली.